काटकसर कुणाला शिकवता?

आज मी मीठ-मिरचीच्या हिशेबावर बोलणार आहे. हसू नका. क्रांतीची भाषा करणाऱ्याच्या घरातही चूल असते.

पांढरपेशे सांगतात, गरिबांनी काटकसर करावी. अरे, पावशेर तेलात आठवडा काढणाऱ्या आमच्या आईला काटकसर शिकवता? पैसेवाला तेलाचा डबा आणतो, त्याला स्वस्त पडतं. आम्ही रोज सुटं आणतो, तेच तेल महाग पडतं. गरिबीलाही दंड आहे!

सावकार शेकडा १० म्हणतो. पण ते महिन्याला. १,००० रुपये काढले, तर वर्षात १,२०० नुसतं व्याज. मुद्दल तसंच उभं. हे गणित त्याच्या वहीत असतं, आमच्या घरात नसतं.

१९२३ साली बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ लंडनला निघाला. रुपया घसरतो तेव्हा एका वर्गाचा नफा दुसऱ्या वर्गाच्या खिशातून येतो, असं त्यांनी मांडलं. महागाई पळते, मजुरी मागं राहते. तर आपण निदान आपला खिसा तपासू.

वही घ्या. मजुरी, किराणा, व्याज लिहा. दारूचा आकडा लपवू नका. बायकोची कमाई तिच्या नावानं लिहा, हिशेबाला तिला शेजारी बसवा. दहा घरं मिळून तेल-तांदूळ ठोक आणा, भिशी लावा, सावकाराची पायरी सोडा.

एवढं करूनही महिना पुरा पडला नाही, तर खर्च जास्त नाही, मजुरी कमी आहे. मग तीच वही घेऊन मालकापुढं उभे राहा. एकटे नाही, सगळे.

जयभीम!