उपग्रहाची दवंडी आणि साडेअठरा अंश



उपग्रह वाट दाखवतो, असे आपण सर्रास म्हणतो. वास्तविक तो वाट दाखवीत नाही. आपल्याला तो पाहतही नाही. अमेरिकेच्या जीपीएस व्यवस्थेचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून अखंड दवंडी पिटीत असतात : मी अमुक जागी आहे आणि माझ्या घड्याळात आता इतके वाजले आहेत! ही दवंडी सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर वेगाने धावते. ती निघाली केव्हा आणि पोचली केव्हा, यावरून आपल्या हातातील यंत्र उपग्रहाचे अंतर काढते. तीन उपग्रहांची अंतरे कळली की जागा ठरावी. मग चौथा कशाला? उपग्रहात अणुघड्याळ असते, आपल्या यंत्रातले घड्याळ साधे. ते सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकले, तरी अंतर ३०० मीटरांनी चुकते. ही चूक हुडकण्यासाठी चौथा साक्षीदार लागतो.

येथे यंत्राचे काम संपते. आकडे वाचणे हे आपले काम. विषुववृत्तापासून उत्तरेस वा दक्षिणेस किती, ते अक्षांश. ग्रिनिचपासून पूर्वेस वा पश्चिमेस किती, ते रेखांश. पुणे सुमारे १८ अंश ३१ मिनिटे उत्तर आणि ७३ अंश ५१ मिनिटे पूर्व येथे आहे. हेच दशांशात १८.५२ आणि ७३.८५ असे लिहितात. साडेपाच वाजले की आपण ५.३० लिहितो, साडेपाच रुपये मात्र ५.५०. अंशांच्या बाबतीत या दोन्ही रीती चालू आहेत, आणि घोटाळ्याचे मूळ तेच!

समजा, कोकणच्या समुद्रात होडी बंद पडली. तांडेलाने बिनतारी यंत्रावरून अक्षांश कळवला : “अठरा, तीस.” त्याच्या मनात १८ अंश ३० मिनिटे. ऐकणाऱ्याने लिहिले १८.३० अंश, म्हणजे १८ अंश १८ मिनिटे. फरक बारा मिनिटांचा. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. तेव्हा मदतीची नौका सुमारे २२ किलोमीटर दक्षिणेस जाऊन रिकामा समुद्र धुंडाळील. उपग्रह चुकले नाहीत, यंत्र चुकले नाही. तरी माणसे बुडावयाची.

म्हणून आकड्यापुढे अंश, मिनिटे हे शब्द उच्चारा, दिशा सांगा आणि ऐकणाऱ्याकडून ते पुन्हा वदवून घ्या. त्या तांडेलाने नुसते “साडेअठरा अंश उत्तर” म्हटले असते, तरी भागले असते.