यतीम मुलाला आधी घर द्या



बालगृहातल्या बालपणाविषयी बोलायला मला बोलावले आहे. दया वाटावी म्हणून मी बोलणार नाही. जेवण, शाळा, औषधपाणी हे सारे मला उल्हासनगरच्या बालगृहात मिळाले. रमझानमध्ये तिथल्या एक मावशी रात्रीच्या दोन चपात्या झाकून ठेवत आणि सहरीला मला स्वतः उठवत. त्या हिंदू होत्या. त्यांचे उपकार फिटणारे नाहीत.

पण मला आई होती, हे सांगितले की लोक चकित होतात. वडील वारले तेव्हा मी सात वर्षांचा होतो, बहीण पाच. अम्मी जीन्सच्या कारखान्यात धागे कापायची. अंबरनाथच्या खोलीचे भाडे आणि तिघांचे पोट यांचा मेळ बसेना. मग मी बालगृहात गेलो. मुलींचे बालगृह वेगळे, म्हणून बहीण दुसरीकडे गेली. अंबरनाथ ते उल्हासनगर लोकलचे एकच स्टेशन, तरी अम्मी महिन्यातून एकदा दिसायची. खाडा केला की रोज बुडायचा. त्या सुट्टीत मुलाकडे जायचे की मुलीकडे, हे तिला दर वेळी ठरवावे लागे.

रमझानमध्ये दाते यायचे. खजूर, बिर्याणी, नवे कपडे आणायचे. आम्हाला रांगेत बसवून फोटो निघायचे. त्यांची नियत साफ होती. पण तुझी आई कुठे आहे, असे कुणी विचारले नाही.

इस्लाममध्ये यतीम म्हणजे वडील गमावलेले मूल, आई हयात असली तरीही. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) स्वतः यतीम होते. वडील जन्माआधीच वारले, सहाव्या वर्षी आई गेली. आधी आजोबा अब्दुल मुत्तलिब आणि नंतर चुलते अबू तालिब यांनी त्यांना आपल्या घरात वाढवले. यतीमाला घरात ठेवण्याचा हा आदर्श आपल्यासमोर आहे. आपण मात्र यतीमखान्याची पावती फाडली की कर्तव्य संपले असे मानतो.

देशाचा कायदाही वेगळे सांगत नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय आहे. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. एकल पालकाच्या किंवा नातेवाइकांच्या घरी वाढणाऱ्या मुलासाठी तिच्यातून दरमहा मदत मिळते. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयाकडे करायचा आणि मंजुरी बाल कल्याण समिती देते. पण मृत्यूचा दाखला, रहिवासी पुरावा, बँक खाते ही कागदपत्रे जमवताना भाड्याच्या खोलीत राहणारी विधवा थकून जाते.

ज्यांना खरोखर कुणीच नाही, त्यांच्यासाठी बालगृहे हवीतच, आणि ती चांगली हवीत. पण ज्याची आई एका स्टेशनावर राहते, त्याला तिथे का पाठवायचे?

म्हणून माझी मागणी साधी आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या प्रत्येक वस्तीत आपल्या दोन कार्यकर्त्यांनी अशा मातांचे अर्ज भरून द्यावेत. सरकारी पैसे सुरू होईपर्यंत खोलीचे भाडे जकातीतून द्यावे. गरजू विधवेचा जकातीवर हक्कच आहे. त्यात फोटो काढण्यासारखे काही नसेल, पण भाऊ-बहीण एका छताखाली झोपतील.