माइक ग्रामपंचायतीत, भोंगा तांड्यावर



पावसाळ्यात गोदाकाठच्या गावांचं लक्ष विष्णुपुरी धरणाकडं लागलेलं असतं. दरवाजे उघडले का, किती उघडले, पाणी आपल्याकडं कधी पोचणार? निरोप तहसिलातून तलाठ्याच्या फोनवर येतो, तिथून सरपंचांकडं, पोलीस पाटलांकडं. पण पुढं तो गावठाणातल्या शेवटच्या घरापर्यंत, नदीकडच्या आखाड्यावर जनावरांजवळ झोपलेल्या माणसापर्यंत कसा जायचा? व्हॉट्सअॅपचा ग्रुप असतो, पण रात्री दोनला तो कोण बघतो? ऑगस्ट २०२५ मध्ये शेजारच्या मुखेड तालुक्यात लेंडी धरणाच्या परिसरात हसनाळ, रावणगाव अशा गावांत पाणी शिरलं, माणसं दगावली, लष्कराला बोलवावं लागलं. तेव्हापासून नायगाव, नरसी, कुंटूर, बरबडा या पट्ट्यातली जी मंडळी भेटतात, ती एकच गोष्ट विचारतात: गावात भोंगे बसवायचे आहेत, कसे बसवू? आज त्याबद्दलच बोलतो.

आपल्या ओळखीची पद्धत जुनी आहे. टेबलावर माइक, शेजारी अॅम्प्लिफायर, आणि तिथून दोन पदरी तार थेट देवळाच्या शिखराजवळच्या भोंग्यापर्यंत. एका जागेपुरती ही पद्धत उत्तम आहे, ती मोडीत काढू नका. अडचण येते ती दूरच्या वस्तीची. किलोमीटरभर तार ओढली की आवाज वाटेतच मरतो. वानरं तारेला लोंबकळून ती तोडतात, उसाची ट्रॉली जाताना ती अडकवून नेते.

यावर उपाय म्हणजे नेटवर्कचा माइक. त्यात तुमचा आवाज आधी आकड्यांत बदलतो आणि संगणकाच्या जाळ्यातून, म्हणजे फायबरच्या धाग्यातून किंवा छोट्या डिशमधून, पुढं जातो. तांड्यावर एक लहानशी पेटी त्याचा पुन्हा आवाज करते. पेटीला अॅम्प्लिफायर, अॅम्प्लिफायरला भोंगा. असे दहा भोंगे एकाच माइकवर चालतात. बटण दाबून फक्त वाडीला सांगता येतं, फक्त खालच्या गल्लीला सांगता येतं किंवा साऱ्या गावाला. आणि दुसरा माइक शाळेत किंवा पोलीस पाटलांच्या घरी ठेवता येतो. माझ्या मते हाच या पद्धतीचा सगळ्यात मोठा फायदा, आणि खर्चाचा विचार करताना नेमका तोच गाळला जातो.

आता मुख्य मुद्दा. नेटवर्क आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाजारात भोंग्यातच सिमकार्ड घातलेली यंत्रं मिळतात. मोबाइलवर ॲप उघडायचं आणि बोलायचं. आवाज दूरच्या कुठल्यातरी सर्व्हरवर जातो आणि तिथून परत तुमच्या गावात येतो. रोजच्या सूचनांना ते सोयीचं आहे. पण अतिवृष्टीच्या रात्री वीज जाते, थोड्या वेळानं टॉवरची बॅटरी उतरते आणि फोनवरच्या दांड्या गायब होतात. भोंग्याची खरी गरज असते त्याच वेळी तो मुका होतो. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की ग्रामपंचायतीतून निघालेला आवाज गावातल्या गावातच, गावाच्या स्वतःच्या जाळ्यातून भोंग्यापर्यंत जायला हवा. इंटरनेट असलं तर जोडा, पण त्याच्यावाचून काम अडता कामा नये.

हे जाळं फार ताकदीचं लागत नाही. बोलण्याच्या आवाजाला सेकंदाला ८० ते ९० किलोबिट पुरतात, साध्यातलं साधं नेटवर्कही त्याच्या कितीतरी पट वाहून नेतं. त्यामुळं वेगाचे मोठे आकडे सांगून कोणी महागडी यंत्रं गळ्यात मारू लागला तर जरा थांबा. पैसे घालायचे ते वाटेवर आणि विजेवर.

वाटेचं म्हणाल, तर तांब्याची नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंतच चालते आणि ती इमारतीच्या आतच ठेवावी. एका इमारतीतून दुसरीत तांब्याची तार नेली की वळवाच्या पहिल्या कडकडाटात दोन्हीकडची यंत्रं जळू शकतात. वीज थेट पडायलाच हवी असं नाही, जवळपास पडली तरी तारेत झटका येतो. दोन इमारतींमध्ये फायबर टाका, काचेच्या धाग्यातून हा झटका जात नाही. फायबर नेणं शक्य नसेल तिथं छतावर समोरासमोर दोन डिश लावतात. त्यांना एकमेकींचं तोंड स्वच्छ दिसायला लागतं. इथं एक गोष्ट नीट बघा. पानगळीत लिंबाच्या फांद्यांतून पलीकडचं छत दिसतं, म्हणून डिश तिथंच लावली जाते. पावसाळ्यात तेच झाड गच्च पानांचं आणि ओलं असतं, आणि ओली पानं या लहरी अडवतात. तेव्हा झाड चुकवून जागा निवडा. डिशच्या खांबाला आणि भोंग्याच्या खांबाला अर्थिंग करा, त्यात काटकसर नको.

माइकची खोली कोणती, हेही विचारपूर्वक ठरवा. २०११ च्या मार्चमध्ये जपानमध्ये त्सुनामी आली. मिनामिसानरिकू गावात मिकी एंदो नावाची २४ वर्षांची कर्मचारी गावाच्या भोंग्यावरून शेवटपर्यंत लोकांना उंचावर जायला सांगत राहिली. तिच्या आवाजानं माणसं वाचली, पण ती इमारत पाण्याखाली गेली आणि मिकी परतली नाही. मला हे नेहमी आठवतं, आणि म्हणून सांगतो: ग्रामपंचायतीची इमारत ओढ्याकाठी असेल तर दुसरा माइक गावाच्या उंच भागात हवाच. सूचना देणाऱ्याचा जीवही तितकाच मोलाचा आहे.

खोलीत यंत्रणा कशी मांडायची? माइकला वीज नेटवर्कच्याच तारेतून देता येते. त्याला पीओई म्हणतात, आणि तशी सोय असलेला नेटवर्क स्विच, म्हणजे यंत्रांच्या तारा जोडणारी पेटी, घ्यावा. म्हणजे माइकला वेगळा अडॅप्टर नाही, आणि मोबाइल चार्ज करायला कोणी त्याचा प्लग काढण्याचा प्रश्नही नाही. हा स्विच आणि डिश इन्व्हर्टरवर ठेवा. तांड्यावरच्या अॅम्प्लिफायरलाही बॅटरी हवी. बरेच अॅम्प्लिफायर १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात, विकत घेतानाच विचारून घ्या. इकडं माइक चालू आणि तिकडं भोंगा अंधारात, असं झालं तर सगळा खर्च वाया.

नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता असतो, बहुतेकदा १९२.१६८ नं सुरू होणारा. तो कायमचा बांधून द्यायला सांगा. नाहीतर वीज जाऊन आली की यंत्रांचे पत्ते बदलू शकतात आणि माइक जुन्या पत्त्यावर बोलत बसतो. कुठला पत्ता कुठल्या भोंग्याचा हे कागदावर लिहून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा. बसवणारा मुलगा उद्या पुण्याला गेला तरी कागद इथंच राहतो. कंपनीकडून आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला, आणि तो मात्र त्या झाकणावर लिहू नका. एप्रिल २०१७ मध्ये अमेरिकेतल्या डॅलस शहरात कोणीतरी बाहेरच्यानं मध्यरात्रीच्या सुमारास धोक्याचे १५६ भोंगे वाजवले आणि अख्खं शहर घाबरून जागं झालं. आपल्या गावात रात्री खोटी हाकाटी झाली, तर पुढच्या खऱ्या हाकेला कोण उठेल?

सगळे भोंगे एकदम वाजवायला मल्टिकास्ट नावाची पद्धत वापरतात. तारेवर ती छान चालते, पण वायफायवर आवाज तुटक येतो, कारण अशा संदेशाची पोच वायफाय घेत नाही. चार-सहाच भोंगे असतील तर प्रत्येकाला वेगवेगळा आवाज पाठवायला सांगा, तेवढा भार जाळं सहज पेलतं.

आता कानाचं बघू. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. दोन भोंग्यांच्या मध्ये उभ्या माणसाला एकच वाक्य मागंपुढं ऐकू येतं आणि शब्दांचा काला होतो. म्हणून एकच प्रचंड भोंगा चौफेर घुमवण्यापेक्षा लहान भोंगे, एकमेकांकडं पाठ करून, आपापल्या गल्लीकडं वळवलेले बरे. बोलणाऱ्यानं तोंड माइकपासून चार बोटं लांब ठेवावं, ओरडू नये, फुंकर मारून तपासू नये. वाक्य लहान असावं. गावाचं नाव, काय झालं, कुठं जायचं, इतकंच. थोडं थांबून पुन्हा तेच. माइकच्या खोलीची खिडकी भोंग्याच्या बाजूला असेल तर ती बंद करा, नाहीतर शिट्टी घुमते.

कायद्याचंही भान ठेवा. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणं भोंग्याला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ तो बंद ठेवावा लागतो. सार्वजनिक आणीबाणीला त्यातून सूट आहे. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होतो, तिथं भोंग्याचं तोंड वळवू नका.

आणि ही यंत्रणा रोज वापरात ठेवा. २०२० च्या टाळेबंदीत पालघर जिल्ह्यातल्या दांडवळला मुलं मोकळ्या जागेत अंतर ठेवून बसायची आणि भोंग्यावरून धडे ऐकायची. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथं २०२२ पासून संध्याकाळी ७ ला भोंगा होतो आणि घरोघरी टीव्ही, मोबाइल बंद करून मुलं अभ्यासाला बसतात. रोज वाजणारा भोंगा बिघडला की त्याच दिवशी कळतं. नळाला पाणी कधी, लसीकरण कुठं, रेशन आलं का, हे त्यावरूनच सांगा.

दर महिन्याला एक परीक्षा मात्र घ्याच. दिवसाउजेडी, लोकांना आधी कळवून, ग्रामपंचायतीचा मेन स्विच पाडा, इंटरनेटची तार काढा आणि माइकवर बोला. प्रत्येक भोंग्याखाली एक माणूस उभा करा. कुणाला ऐकू आलं, कुणाला नाही, हे वहीत तारखेसह लिहा, आणि ज्या भोंग्यापुढं फुली पडली त्याची बॅटरी त्याच आठवड्यात बघून घ्या.