चिमुकल्या हातांचे शिक्षण : कब आणि बुलबुल
(व्याख्यानाचा मजकूर)



पाच ते दहा वर्षे वयाच्या मुलांनी गणवेशावर लावण्याचा एक कापडी बिल्ला मिळवावा, एवढ्या साध्या गोष्टीवर व्याख्यान कशासाठी, असा प्रश्न कुणाच्या मनात आला तर तो अस्थानी म्हणता येणार नाही. परंतु सातव्या वर्षी इंग्रजी कविता घडाघडा म्हणणाऱ्या, पडद्यावरचे खेळ सराईतपणे खेळणाऱ्या मुलाच्या बुटाची नाडी आजही आई बांधते, डबा आजी उघडून देते आणि दप्तर आजोबा वाहतात. बुद्धीला खाऊ भरपूर मिळतो, हात मात्र उपाशी राहतात. या उपाशी हातांची काळजी वाहणारी एक जुनी, तपासून पाहिलेली पद्धत आपल्या देशात उपलब्ध आहे आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष जात नाही, म्हणून हा विषय.

स्काउट चळवळीचा उगम सर्वश्रुत आहे. १९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राउन्सी बेटावर मुलांचे पहिले प्रायोगिक शिबिर भरवले. मोठ्या भावांचे पाहून धाकटे हट्ट धरू लागले, तेव्हा १९१६ मध्ये त्यांच्यासाठी ‘कब’ हा स्वतंत्र विभाग आकाराला आला. त्याला कथेचा आधार हवा होता. तो रुडयार्ड किपलिंगच्या ‘जंगल बुक’मधून घेतला गेला. किपलिंगचा जन्म १८६५ सालचा, मुंबईतला. आणि मोगलीचे जंगल सिवनीचे, म्हणजे आपल्या नागपूरच्या उत्तरेचे. अकेला, बल्लू, बघीरा ही मंडळी विलायतेहून आली असे आपण मानतो, पण मुळात ती इथूनच तिकडे गेली होती! चळवळ आली तेव्हा मात्र तिची दारे भारतीय मुलांना मोकळी नव्हती. ॲनी बेझंट यांनी १९१६ मध्ये मद्रासला भारतीय मुलांसाठी वेगळी संघटना काढली. पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीच्या नावाने अलाहाबादेत असेच कार्य उभे केले. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी बालवीरांचे प्रवाह एकत्र येऊन ‘भारत स्काउट्स आणि गाईड्स’ ही संस्था अस्तित्वात आली आणि पुढच्याच वर्षी मुलींची गाईड संघटनाही तीत सामील झाली.

या संस्थेत लहान मुलगे ‘कब’, तर लहान मुली ‘बुलबुल’ म्हणून ओळखल्या जातात. सहा-सहांच्या गटांत त्यांची विभागणी होते. प्रवेशानंतर कबसाठी प्रथम, द्वितीय, तृतीय व चतुर्थ चरण. बुलबुलसाठी कोमल पंख, रजत पंख, सुवर्ण पंख आणि हीरक पंख. त्यापुढे ‘गोल्डन ॲरो’ हा या वयोगटाचा सर्वोच्च सन्मान. जोडीला माळी, निरीक्षक, संग्राहक, प्रथमोपचार अशा आवडीनुसार निवडायच्या प्रावीण्याचे बिल्ले. सर्वांचे ब्रीद एकच : कोशिश करो. ‘पहिला ये’ असे ते म्हणत नाही, हे पालकांनी विशेष लक्षात घ्यावे.

आता प्रत्यक्ष कौशल्यांकडे वळू. सर्वांत आधी गाठी. दोन सारख्या जाडीच्या दोऱ्या जोडणारी रीफ नॉट, कमी-अधिक जाडीच्या दोऱ्यांसाठी शीट बेंड, खांबाला दोर अडकवण्यासाठी क्लोव्ह हिच. नावे परकी वाटली तरी कृती आपल्या घरची आहे. विणकर तुटलेला धागा ज्या गाठीने सांधतो, तीच शीट बेंड. रीफ नॉट बांधताना मूल हमखास चुकते, कारण दोन्ही वेळा तो एकच हात वर घेतो. उजवा डाव्यावर आणि मग डावा उजव्यावर, हा क्रम पाळला नाही तर गाठ निसटते. ती निसटू द्यावी. शिक्षकाने चूक सांगण्याआधी दोरीनेच ती सांगितली, की मुलाला पुन्हा सांगावी लागत नाही. रीफ नॉट सपाट बसते, म्हणून हात झोळीत घेताना पट्टीला तीच बांधतात. परंतु वजन पेलण्यासाठी ती कधीही वापरू नये, हेही त्याच बैठकीत सांगावे.

दुसरे कौशल्य दिशांचे. इथे कोपर आणि डोंबिवलीच्या मुलांची मोठी गंमत आहे. त्यांच्या लेखी पूर्व आणि पश्चिम या दिशा नसून बाजारपेठा आहेत! रुळांच्या या बाजूला पूर्व, त्या बाजूला पश्चिम. होकायंत्र घेऊन कोपर स्थानकाच्या फलाटावर, मोठ्यांच्या सोबतीने, मुलांना उभे करावे. दिव्याकडून डोंबिवलीकडे जाणारा लोहमार्ग उत्तरेकडे जात नाही, तो ईशान्येकडे जातो, हे काटा दाखवील. म्हणजे ज्याला सगळे गाव ‘पूर्व’ म्हणते ती बाजू खरे तर आग्नेयेची ठरते. वरच्या पातळीवरून आडवा जाणारा वसई–दिवा मार्ग पाहिला की नकाशा वाचण्याचा दुसरा धडाही तेथेच होतो. आणि तिसरा धडा सर्वांत महत्त्वाचा : रूळ ओलांडायचे नाहीत, पुलावरूनच जायचे, आई घाईत असली तरी. हा नियम मुलाने आईला सांगितला, की दहा फलकांचे काम एका वेळी होते.

निरीक्षणाचा प्रसिद्ध खेळही किपलिंगच्याच ‘किम’ या १९०१ च्या कादंबरीवरून आलेला. चादरीवर वस्तू मांडाव्यात, मिनिटभर पाहू द्याव्यात, मग झाकून टाकाव्यात आणि आठवतील तेवढ्या सांगायला लावाव्यात. मोठ्यांसाठी चोवीस वस्तू असतात, लहानग्यांना दहा-बाराही पुष्कळ. चमचा, बटण, चिंचोका, तिकीट, लवंग, चावी असे घरातलेच साहित्य पुरते; विकतचा संच घेण्याचे काहीही कारण नाही.

बुलबुल म्हणवून घेणाऱ्या मुलींपैकी किती जणींनी खरा बुलबुल पाहिला असेल? लालबुड्या बुलबुल आपल्या परिसरात वर्षभर असतो. काळे डोके, किंचित उभा तुरा, शेपटीखाली लाल ठिपका. इमारतीच्या सज्जातील कुंडीतदेखील तो वाटीसारखे घरटे बांधतो. बहुधा दोन-तीन अंडी असतात आणि सुमारे दोन आठवड्यांत पिल्ले बाहेर येतात. पिल्लांना नर-मादी दोघेही भरवतात. रोज एकाच वेळी, दुरून, हात न लावता पाहायचे आणि वहीत एक ओळ लिहायची. पानांचा संग्रह करतानाही गळून पडलेलेच पान उचलायचे, झाडाचे तोडायचे नाही. जीवमात्राविषयीची करुणा प्रवचनात ऐकलेल्या मुलाला ती सज्जातल्या कुंडीशी आचरता येते. खाडीकाठी तिवरांच्या दलदलीत बगळे आणि खंड्या दिसतात, परंतु तिकडची सहल भरती-ओहोटीची वेळ पाहून आणि मोठ्यांच्या सोबतीनेच काढावी.

प्रथमोपचारात आठ वर्षांच्या मुलाकडून डॉक्टरकीची अपेक्षा नसते. तीन गोष्टी पक्क्या असाव्यात. खरचटले तर स्वच्छ पाण्याने धुवायचे आणि रक्त येत असल्यास स्वच्छ कापडाने दाबून धरायचे. भाजले तर वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरायचे; टूथपेस्ट, हळद, तूप काहीही लावायचे नाही. नाकातून रक्त आले तर मान मागे टाकायची नाही, किंचित पुढे वाकून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे चिमटीत धरायचा. मागची मान टाकण्याची सवय घराघरांत इतकी रुजली आहे, की इथे नातवाला आजोबांना शिकवावे लागेल. आणीबाणीत ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक, घराचा पूर्ण पत्ता आणि जवळची खूण स्पष्ट सांगता येणे, हाही परीक्षेचाच भाग समजावा. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हासच्या खोऱ्यातील वस्त्यांनी जे भोगले, ते ज्यांना आठवते त्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

‘खरी कमाई’ हा शब्द महाराष्ट्रातील शाळांत चांगलाच रुळला आहे. मुलांनी श्रम करून पैसे मिळवायचे आणि त्याचा हिशेब ठेवायचा, ही त्यामागची कल्पना. प्रत्यक्षात काय होते? आई पहाटे उठून शंभर वडे तळते, बाबा टेबल मांडतात, मुले गल्ल्यावर बसतात. ही आईची खरी कमाई झाली! त्यापेक्षा विस्तवाशिवाय होणारे पदार्थ निवडावेत : लिंबाचे सरबत, काकडीची कोशिंबीर, भेळ (कांद्याशिवायही ती उत्तम होते). लिंबे किती, साखर किती, पेल्याला खर्च किती आला, हे मुलांनीच मांडावे. तोटा झाला तर तोही वहीत दिसू द्यावा.

हाच रोग अन्यत्रही दिसतो. हस्तकलेच्या वस्तू बाजारातून येतात, नोंदवह्या परीक्षेच्या आदल्या रात्री मोठ्यांच्या अक्षरात भरल्या जातात आणि परीक्षक सही करून मोकळे होतात. बिल्ला मिळतो, गाठ येत नाही. मुलाला हे कळत नाही असे समजणे हा भ्रम आहे. न केलेल्या कामाचा सन्मान स्वीकारण्याचा पहिला धडा तो त्या दिवशी घेतो. त्याऐवजी बिल्ला सहा महिने उशिरा मिळू द्यावा. मिळाला, की तो गणवेशावर मुलानेच टाकून घ्यावा, वाकडा का होईना. सुई-दोरा मुलींचा आणि कुदळ मुलांची, असा भेदही येथे चालू नये. तुटलेले बटण दोघांचेही असते.

साधने नाहीत, मैदान नाही, ही तक्रार खरी आहे. पण याच जुन्या ठाणे जिल्ह्यात ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे ग्रामीण केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. शिंपले, खडे, बिया, पाने यांतून त्यांनी शिक्षणाची साधने घडवली. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणात नेली. ज्यांनी कुरणात शाळा भरवली त्यांच्या जिल्ह्यात सोसायटीच्या गच्चीवर किंवा संस्थेच्या सभागृहात आठवड्यातून एक तास बारा मुले जमवता येऊ नयेत, हे पटत नाही.

शाळेबाहेरही असे पथक काढता येते. त्यासाठी जिल्हा संस्थेकडे नोंदणी करावी लागते, आणि पथक चालवणाऱ्या स्त्री-पुरुषांनी प्राथमिक प्रशिक्षण घेणे आवश्यक असते. महिलावर्गातून दोघी आणि तरुणांतून दोघे पुढे आले तर आरंभ होऊ शकतो. पहिल्या बैठकीला फार काही लागणार नाही : प्रत्येक मुलामागे दीड-दोन मीटर सुती दोरी, एक वही, एक होकायंत्र, सुई-दोरा, मोठी चादर आणि तिच्याखाली ठेवायला घरातल्या दहा वस्तू. पालकांनी मुलांना दारापर्यंत सोडावे आणि तासाभराने न्यायला यावे. मधल्या वेळेत सभागृहात डोकावू नये.