स्टेशन हलते तेव्हा



मनमाड सोडून गाडी भुसावळकडे निघाली की पानेवाडी, हिसवहळ, पांझण अशी लहान स्टेशने मागे पडतात आणि नांदगाव येते. पोते, पिशव्या, पोरेबाळे घेऊन माणसे उतरतात, चढणारी चढतात, आणि गाडी न्यायडोंगरी-चाळीसगावच्या वाटेला लागते. या स्टेशनात बघण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारले तर आपण गप्प बसू. पण मुंबईहून वेरूळची लेणी पाहायला निघालेला प्रवासी एके काळी तिकीट काढी ते नांदगावचे, हे आपल्या मुलांना किती ठाऊक आहे? गुरुजींनी उद्या वर्गात विचारून पाहावे.

हकीकत अशी. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी 16 एप्रिल 1853 रोजी धावली. पुढे थळघाट आडवा आला. तो फोडून 1865 साली घाटातून गाडी इगतपुरीला चढली, आणि त्याच दशकात ही जी. आय. पी. रेल्वेची लाइन आपल्या भागातून भुसावळपर्यंत पोहोचली. निजामाच्या मुलखात तेव्हा औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, रेल्वे नव्हती. मग जवळचे सोयीचे स्टेशन कोणते? नांदगाव. इथे उतरायचे, टांगा ठरवायचा आणि कासारीच्या बाजूने घाट चढून देवगाव, वेरूळ, दौलताबाद करीत औरंगाबाद गाठायचे. पन्नासाहून अधिक मैलांची वाट. साहेबलोकांच्या प्रवासाच्या पुस्तकांतही वेरूळला जाण्यासाठी नांदगावला उतरा, असेच छापलेले असे. टांगेवाले, घोड्यांचा दाणावैरण, मुक्कामाची सोय, हमाल, या सगळ्यांचे पोट त्या एका फलाटावर होते.

मग काय झाले? 1878 साली दौंडकडून आलेली लाइन मनमाडला मिळाली. पुढे 1900 च्या सुमारास गोदावरी खोऱ्याची मीटरगेज लाइन मनमाडहून औरंगाबादकडे सुरू झाली. झाले! वेरूळचा प्रवासी नांदगावला उतरेनासा झाला. एक दगडही जागचा न हलता नांदगावचे मोठे काम उठून मनमाडला गेले. इमारतीआधी स्टेशनाचे काम जाते, कामामागून त्याची आठवण जाते, आणि आठवण गेली की इमारत पाडताना कोणाला काही वाटत नाही. हा क्रम मी तुमच्यापुढे मुद्दाम ठेवतो आहे, कारण आपल्याच लाइनीवर तो पुन्हा घडतो आहे.

पाचोऱ्याहून जामनेरला जाणारी छोटी गाडी तुम्हाला माहीत असेल. लोक तिला प्रेमाने ‘पीजे’ म्हणत. अडीच फुटांच्या रुळांवरून वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा असे करीत ती 56 किलोमीटर जायची. दूधवाला, शाळेची पोरे, बाजाराला निघालेल्या बाया असा तिचा उतारू. मार्च 2020 मध्ये साथीमुळे सगळ्या गाड्या थांबल्या तशी हीही थांबली. ती पुन्हा सुटलीच नाही. लोकांनी समिती करून, निवेदने देऊन पीजे वाचवण्याची मागणी केली. लाइन ब्रॉडगेज करून जामनेरच्या पुढे बोदवडपर्यंत नेण्याची योजना आहे. ती व्हावीच. माल जाईल, मोठी गाडी येईल. शेतकऱ्याचा त्यात फायदा आहे, आणि केवळ जुन्याच्या मायेने मी त्याला आडवा येणार नाही. पण रुंद रुळाला वळण सैल लागते, फलाट उंच आणि लांब लागतो. अशा वेळी लाइनीच्या मधे येणाऱ्या छोट्या स्टेशनाला जागा उरत नाही.

आपल्याही दारात हे आले आहे. जळगाव ते मनमाड या 160 किलोमीटरवर तिसऱ्या लाइनीचे काम निघाले, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने चौथ्या लाइनीलाही मंजुरी दिली. ही लाइन नांदगावावरूनच जाते. दोनाच्या चार लाइनी होणार म्हणजे कुठे ना कुठे जुनी केबिन, पाण्याची टाकी, गँगमनची चाळ, मालधक्का मधे येणार. तेव्हा करायचे काय?

मंडळी, इमारत उचलून दुसरीकडे नेता येते, हे आधी मनातून पक्के करा. मिसर देशात नाईल नदीवर धरण झाले तेव्हा 1964 ते 1968 या काळात अबू सिंबेलची डोंगरात कोरलेली मंदिरे कापून, तुकड्यांना क्रमांक घालून, उंचावर नेऊन पुन्हा उभी केली. आपल्याकडे नागार्जुनसागरच्या पाण्याखाली जाणाऱ्या नागार्जुनकोंड्याचे काही बौद्ध अवशेष असेच हलवले. गिरणा धरण ज्या तालुक्यात आहे त्या तालुक्याला पाण्यापुढून उठणे काय असते, हे मी नव्याने काय सांगू! स्टेशनाचेच उदाहरण हवे तर लंडनच्या सेंट पँक्रसचे घ्या. तिथली इंजिनांना पाणी देणारी 1872 ची विटांची टाकी नव्या लाइनीच्या आड आली. 2001 साली तिचे तीन भाग करून ती जवळच दुसऱ्या जागी नेऊन ठेवली.

पण त्याच शहरात उलटही घडले आहे. युस्टन स्टेशनापुढची भव्य दगडी कमान 1961-62 साली पाडली. पाडणाऱ्या ठेकेदाराने स्वतः सांगितले होते की मी दगडांना क्रमांक घालतो, सांभाळून ठेवतो. कोणी ऐकले नाही. पुढे 1994 साली त्यातले पुष्कळ दगड एका कालव्याच्या तळाशी खड्डा बुजवायला टाकलेले सापडले. आता ती कमान पुन्हा उभारावी म्हणून तिथे खटपट चालते. पाडतानाच क्रमांक घातले असते तर?

आता हे काम कसे करतात ते थोडक्यात सांगतो, कारण आपल्या गावचे गवंडी आणि सुतार ते करू शकतात. आधी मोजमाप. प्रत्येक भिंतीचा नकाशा, दाराखिडक्यांच्या उंचीसह. मग फोटो, चारही बाजूंनी, फोटोत मापाची काठी धरून. त्यानंतर प्रत्येक घडीव दगडाला क्रमांक. तो दर्शनी बाजूला घालू नये, दगड बसल्यावर झाकून जाईल अशा बाजूला घालावा, आणि तोच क्रमांक नकाशावर टिपावा. उतरवायला वरून सुरुवात करायची: आधी कौले, मग लाकूड, मग कमानी, शेवटी कोपऱ्याचे दगड. भिंतीच्या पोटातला रबाळ वाचवण्याच्या भानगडीत पडू नये, तो कुठेही मिळतो. जुने बांधकाम चुन्याचे असले तर पुन्हा बांधताना चुनाच वापरावा. सिमेंट कडक, दगडाला श्वास घेऊ देत नाही आणि पुढच्या पिढीला तो दगड सुटाही करता येत नाही. ओतीव लोखंडाचे खांब आणि लाकडी झालर यांचे काम त्या मानाने सोपे. बोल्ट काढा, गाडीत घाला.

हलवून ठेवायचे कुठे? याचाही विचार हवा. स्टेशनाची इमारत गावाबाहेर एखाद्या बागेत शोभेला नेऊन ठेवली तर चार वर्षांत तिथे गवत वाढते. रुळाजवळ, फलाटावरून दिसेल अशी जागा बरी, आणि आत काहीतरी चालू हवे: वाचनालय, बचत गटाचे दुकान, निदान वेटिंग रूम. मुंबईत भायखळ्याचे जुने स्टेशन जागेवरच दुरुस्त केले आणि 2022 साली युनेस्कोच्या आशिया-प्रशांत पुरस्कारांत त्याचा गौरव झाला. गंमत अशी, की लोक तिथे आजही लोकलच पकडतात.

सगळेच हलवता येणार नाही, तेही खरे. नुसती वस्तू वाचली तरी पुष्कळ. नागपूरला मोतीबागेत 2002 साली छोट्या रुळांच्या गाड्यांचे संग्रहालय उघडले आहे, ते शाळेच्या सहलीत जरूर दाखवा. एकेरी लाइनीवर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून ड्रायव्हरच्या हातात लोखंडी गोळा देत. तो गोळा मिळाल्याशिवाय गाडी पुढच्या स्टेशनाकडे काढायची नाही. एका वेळी यंत्रातून एकच गोळा निघे. लिहिता न येणाऱ्या पॉइंट्समनलाही कळेल अशी ती सोय होती! असे यंत्र, पुठ्ठ्याच्या तिकिटावर तारीख उठवणारे दाबयंत्र, पितळी घंटा, हातदिवे या वस्तू भंगारात वजनावर जातात. वजनाने त्यांची किंमत ती किती?

मात्र एक सूचना. स्टेशनातली कुठलीही वस्तू रेल्वेची मालमत्ता आहे. वाचवायची म्हणून कोणी उचलून घरी नेऊ नये. आपले नांदगाव भुसावळ विभागात येते. तिथल्या मंडल रेल्वे प्रबंधकांच्या नावे ग्रामपंचायतींनी, नगरपरिषदेने, शाळांनी ठराव पाठवावेत, आणि ठरावात नुसते ‘वारसा जपा’ असे लिहू नये. कोणती वस्तू, कुठे आहे, ती आम्ही कुठे ठेवू, देखभाल कोण करील, हे लिहावे. असे पत्र साहेबाला बाजूला सारणे जड जाते.

गुरुजी आणि बाई, तुमच्याकडे मात्र एक काम आहे ज्याला ना मंजुरी लागत, ना चुना. गावात निवृत्त गँगमन, हमाल, पॉइंट्समन अजून आहेत. सातवी-आठवीच्या मुलांना दोघादोघांनी त्यांच्याकडे पाठवा. कोळशाचे इंजिन पाणी कुठे घेई, रात्रपाळीला जेवण कुठे होई, कासारीच्या वाटेने वेरूळला जाणाऱ्या टांग्यांची काही गोष्ट आजोबांनी सांगितली होती का, असे विचारून त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवू द्या. खाली तारीख आणि सांगणाऱ्याचे वय लिहायला सांगा. वहीच्या दोन प्रती करा. एक शाळेत, एक वाचनालयात. फलाटावर फोटो काढायचे असतील तर स्टेशन मास्तरांना आधी विचारा. आणि हे सारे दिवाळीच्या सुटीपर्यंत लांबवू नका. सांगणारे बहुतेक ऐंशीच्या घरात आहेत.