दिवे गेले, आणि आलेच नाहींत

"दिवे गेले" असें आपण म्हणतों. दिवे बिघडले किंवा बंद पडले असें म्हणत नाहीं, ते 'गेले' म्हणतों, आणि थोड्या वेळानें "आले, आले!" म्हणून लहान मुलांबरोबर आपणहि आनंदानें ओरडतों. शेजारच्या आळींत हळदीकुंकवाला गेलेली घरची सून जशी परत येणारच, तशी वीज परत येणारच, हा विश्वास या एका क्रियापदांत सांठलेला आहे. हा विश्वास अगदींच भाबडा आहे असें नव्हे. शंभर वेळां वीज जाते आणि शंभर वेळां ती येते. मला आज सांगावयाचें आहे तें एकशें एकाव्या वेळेविषयीं. वीज गेली आणि महिना, दोन महिने, सहा महिने आलीच नाहीं, तर आपल्या घराचें, आळीचें आणि शहराचें काय होईल? आणि त्यासाठीं आज काय करून ठेवतां येईल?

हा प्रश्न नुसत्या कल्पनेंतला नाहीं. कॅरिबियन समुद्रांत प्वेर्तो रिको नांवाचें अमेरिकेच्या ताब्यांतील एक बेट आहे. २०१७ सालीं तेथें सुमारें तेहतीस लाख माणसें राहत होतीं. त्या वर्षीं २० सप्टेंबर रोजीं 'मारिया' नांवाचें चक्रीवादळ बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावर आदळलें आणि सारें बेट तुडवून वायव्येकडून बाहेर पडलें. वीज निर्माण करणारीं मोठीं केंद्रें बरींचशीं दक्षिणेकडे, दाट वस्ती उत्तरेकडे, आणि मध्यें डोंगर. त्या डोंगरांवरून गेलेल्या तारा तुटल्या, मनोरे कोसळले, आणि सबंध बेटाची वीज एकाच दिवशीं गेली. शेवटच्या घरांपर्यंत ती परत पोंचावयास जवळजवळ अकरा महिने लागले.

आतां दोन आंकडे ऐका. या संकटांत ६४ माणसें दगावलीं असें सरकारनें प्रथम जाहीर केलें. पुढें जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठांतील अभ्यासकांनीं वादळानंतरच्या सुमारें सहा महिन्यांतील मृत्यूंची एरवींच्या मृत्यूंशीं तुलना केली. तेव्हां २,९७५ माणसें अधिक मेल्याचा अंदाज निघाला. आणि २०१८ च्या ऑगस्टमध्यें सरकारनेंहि तो मान्य केला. ६४ आणि २,९७५! पहिल्या आंकड्यांतील माणसें वादळानें मारलीं असें आपण ढोबळपणें म्हणूं. उरलेलीं माणसें कोणत्या कारणानें गेलीं? त्या सर्वांचा दोष एकट्या विजेच्या माथीं मारतां येणार नाहीं. रस्ते खचले होते, पूल वाहून गेले होते. परंतु वादळ एका दिवसांत निघून गेलें आणि माणसें मात्र पुढें महिनोन् महिने जात राहिलीं, ही गोष्ट विसरतां येत नाहीं. त्यांत म्हातारीं माणसें आणि गरीब वस्त्यांतील माणसें यांचा वांटा मोठा होता. श्वासासाठीं यंत्रावर अवलंबून असलेला रोगी, डायलिसिससाठीं ठरल्या दिवशीं केंद्रावर जाणारा रोगी, ज्याचें इन्शुलिन थंड जागीं ठेवावें लागतें तो मधुमेही, यांना काळोखाची भीति नव्हती. त्यांचें आयुष्य एका तारेला बांधलेलें होतें, आणि ती तार तुटली आहे हें शेजाऱ्यालाहि ठाऊक नव्हतें.

वीज म्हणजे दिवा आणि पंखा अशी आपली समजूत असते. वस्तुतः दिवा ही विजेची सर्वांत लहान चाकरी. ती गेली कीं प्रथम पाणी जातें. मुंबईचेंच उदाहरण घ्या. तानसा आणि मोडकसागर येथील पाणी मुख्यतः उतारानें शहराकडे येतें. ज्यांनीं या योजना आंखल्या त्यांनीं पृथ्वीच्या ओढीलाच कामास जुंपलें. परंतु भातसा नदीचें पाणी पिसे येथें पंपांनीं उचलावें लागतें. शिवाय उतारानें आलेलें पाणीहि इमारतीच्या तळाशीं असलेल्या टांकीशीं येऊन थांबतें. सातव्या मजल्यावर तें विजेशिवाय चढत नाहीं. पाण्यामागोमाग मैल्याचा निचरा थांबतो. मोबाइलच्या मनोऱ्याखालच्या बॅटऱ्या कांहीं तासांत संपतात. इस्पितळांत डिझेलवर चालणारीं जनित्रें असतात खरीं. पण डिझेल उपसून देणाऱ्या पंपालाहि वीजच लागते, आणि तीं जनित्रें मुळांत कांहीं तासांच्या सोयीसाठीं ठेवलेलीं असतात, कांहीं महिन्यांच्या नव्हे.

म्हणजे ही सरळ सांखळी नसून एक वर्तुळ आहे. अमेरिकेंतील टेक्सास प्रांतांत २०२१ च्या फेब्रुवारींत कडाक्याची थंडी पडली, तेव्हां हें वर्तुळ उघडें पडलें. तेथें पुष्कळशी वीज नैसर्गिक वायूवर तयार होते. आणि तो वायु नळांतून ढकलणारीं कांहीं यंत्रें विजेवर चालतात. थंडीनें वायूच्या विहिरी गोठल्या, वीज कमी पडली; वीज तोडावी लागली, तेव्हां वायूचा पुरवठा आणखी घटला. एकानें दुसऱ्याचा हात धरला होता, आणि दोघेहि एकदमच घसरले.

येथें कोणी विचारील कीं, बिघाड दुरुस्त झाला म्हणजे खटका दाबून वीज पुन्हां सुरू करावी, त्याला इतके दिवस कशाला? याचें उत्तर मौजेचें आहे. मोठ्या औष्णिक केंद्राला स्वतः सुरू व्हावयासच वीज लागते. भट्टीला हवा आणि बाष्पकाला पाणी पुरविणारे पंप फिरल्याशिवाय तें जागें होत नाहीं. म्हणून सर्वत्र अंधार झाला असतां प्रथम जलविद्युत् केंद्राकडे धांव घ्यावी लागते. धरणाचें दार उघडलें आणि पाणी चक्रावर सोडलें कीं तें थोडक्या मदतीनें सुरू होतें. त्याची वीज दुसऱ्या केंद्राला द्यावयाची, त्याची तिसऱ्याला, आणि प्रत्येक पायरीला निर्मिति व मागणी यांचा तोल सांभाळावयाचा. २८ एप्रिल २०२५ रोजीं दुपारीं साडेबाराच्या सुमारास स्पेन आणि पोर्तुगाल या दोन देशांचा वीजपुरवठा कोसळला. त्या वेळीं स्पेनला आपलीं जलविद्युत् केंद्रें तर उपयोगी पडलींच, पण शेजारच्या फ्रान्स आणि मोरोक्को या देशांतूनहि वीज मिळाली, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळपर्यंत बहुतेक पुरवठा सुरळीत झाला. प्वेर्तो रिकोला असा शेजारी नव्हता. विजेच्या बाबतींतहि शेजार हें मोठें धन आहे.

आपल्या सह्याद्रींत खोपोलीचें जलविद्युत् केंद्र १९१५ सालापासून आहे, आणि मुंबईला वीज देण्यासाठींच तें उभारलें गेलें. बाहेरचें जाळें कोसळलें तर मुंबईनें स्वतःला अलग करून आपल्यापुरती वीज चालूं ठेवावी, अशी योजनाहि १९८१ पासून आहे. तरी १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं दहाच्या सुमारास मुंबई अंधारली, लोकलगाड्या जागच्या जागीं उभ्या राहिल्या, आणि कांहीं उपनगरांना रात्रीपर्यंत वाट पाहावी लागली. त्या दिवशीं ती योजना टिकली नाहीं. यांतून घ्यावयाचा धडा हा कीं, शहराचें बेट करावयाचें तर त्या बेटावर त्या क्षणीं पुरेशी वीज तयार होत असली पाहिजे. कागदावरील बेट पाण्यावर तरंगत नाहीं. दुसरें असें कीं, मोठीं रोहित्रें बाजारांत तयार मिळत नाहींत. तीं मागणीप्रमाणें बांधून घ्यावीं लागतात आणि त्याला वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागतो. म्हणून राखीव रोहित्रें आधींच आणून ठेवणें, आणि रोहित्र फुटल्यास तें कोणत्या रस्त्यानें व कोणत्या गाडीवरून न्यावयाचें हें ठरविणें, हें काम अंधार पडल्यावर करावयाचें नसतें.

परंतु श्रोतेहो, रोहित्रें विकत घेणें तुमच्याआमच्या हातीं नाहीं. आपल्या हातीं काय आहे तें पाहण्यासाठीं पुन्हां प्वेर्तो रिकोकडे जाऊं. बेटाच्या डोंगराळ भागांत आदहुंतास नांवाचें एक लहान गांव आहे. तेथें 'कासा पुएब्लो', म्हणजे 'गांवाचें घर', नांवाची एक लोकसंस्था १९८० पासून काम करीत आहे. खाणींमुळें होणारा डोंगरांचा नाश थांबविण्यासाठीं ती निघाली. १९९९ सालीं तिनें आपल्या घरावर सूर्यप्रकाशापासून वीज करणाऱ्या तावदानांची सोय केली. वादळानंतर सारें गांव अंधारांत असतांना या एका घरांत वीज होती. लोक तेथें मोबाइल भारून नेऊं लागले. श्वासाचीं यंत्रें तेथें चाललीं. औषधें तेथें थंड राहिलीं. संस्थेनें सौर कंदील वांटले, आणि ज्या घरांत रोगी होते त्यांच्याकडे प्रथम लक्ष दिलें. पुढें २०२३ सालीं गांवच्या चौकांतील दुकानांना जोडणारें सौरविजेचें एक छोटें जाळेंहि तेथें उभें राहिलें.

यांत मोलाची गोष्ट तावदानें नव्हेत. आज शहरांतील पुष्कळ घरांत इन्व्हर्टर आहेत. पण माझ्या घरचा इन्व्हर्टर माझा पंखा चालवितो आणि वरच्या मजल्यावरील आजींचें ऑक्सिजनचें यंत्र बंद पडतें, तर त्या तयारीला तयारी म्हणतां येईल काय? आदहुंतासमध्यें एक घर सर्वांचें होतें, आणि कोणाला कशाची गरज आहे हें त्या घराला ठाऊक होतें. ६४ आणि २,९७५ यांच्यामधील खाई कांहीं अंशीं तरी भरून काढणारी गोष्ट ती हीच.

म्हणून माझी पहिली सूचना खर्चाची नाहीं. प्रत्येक इमारतीनें, चाळीनें, आळीनें एक यादी करावी. कोणाच्या घरीं ऑक्सिजन लागतो, कोण डायलिसिसला जातें, कोणाला इन्शुलिन टोंचावें लागतें, कोणाला जिना उतरतां येत नाहीं, कोण एकटें राहतें. ही यादी कागदावर असावी. मोबाइलमध्यें ठेवलेली यादी मोबाइलबरोबरच विझेल. ती चव्हाट्यावर लावूं नये, पण दोन विश्वासू माणसांपाशीं असावी, आणि प्रत्येक नांवापुढें त्याच्याकडे कोण जाणार त्याचेंहि नांव असावें.

दुसरी सूचना पाण्याविषयीं. पिण्यास आणि स्वयंपाकास माणशीं दररोज चार लिटर पाणी धरावें व कांहीं दिवसांचा सांठा ठेवावा. ज्या इमारतींत कूपनलिका आहे तेथें हातपंप बसवावा. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलें. विजेचे खांब आडवे झाले, आणि कोंकणांतील कित्येक गांवांना वीज मिळावयास आठवडे लागले. अशा वेळीं ज्या विहिरीवर रहाट किंवा नुसती कप्पी व पोहरा शिल्लक असतो ती विहीर उपयोगी पडते; नुसता विजेचा पंप असलेली विहीर पाण्यानें भरलेली असूनहि कोरडीच. जुनें तें सर्व टाकून द्यावयाचें नसतें, तें एवढ्यासाठीं.

तिसरी सूचना औषधांची. नेहमीं लागणारीं औषधें दोन आठवड्यांचीं अधिक ठेवावींत, आणि वीज नसतांना इन्शुलिन कसें जपावें हें आपल्या डॉक्टरांना आजच विचारून ठेवावें. ओल्या वाळूंत ठेवलेलें मातीचें मडकें उन्हाळ्यांत किती गारवा देतें हें आपल्या आजीला ठाऊक होतें. तें ज्ञान अजून कालबाह्य झालेलें नाहीं. थोडी रोकड, सेलवर चालणारा रेडिओ आणि एक कंदील घरांत असूं द्या. जनित्र असेल तर तें बंद खोलींत किंवा जिन्याखालीं कधींहि चालवूं नका. त्याच्या धुरांतील विषारी वायूला रंगहि नसतो आणि वासहि नसतो.

हातावर पोट असलेल्या माणसानें दोन आठवड्यांचा सांठा कोठून करावा, असा आक्षेप योग्यच आहे. म्हणूनच वस्तींत एक जागा सर्वांची हवी. शाळा असो, वाचनालय असो, देवळाचा सभामंडप असो; तेथें सूर्यावर चालणारे थोडे दिवे, एक शीतपेटी, मोबाइल भारण्याची सोय आणि पाण्याची टांकी असावी. नगरपालिकेला आपण विचारावें कीं, पाण्याच्या आणि मैल्याच्या पंपांना पर्यायी वीज कोणती? इस्पितळाला विचारावें कीं, डिझेल किती दिवसांचें, आणि पूर्ण भार टाकून जनित्राची परीक्षा शेवटीं केव्हां घेतली? आणि वर्षांतून एक दिवस आपण होऊन आपल्या इमारतीची वीज बंद करून पाहावी. यादींतील प्रत्येक नांव त्या दिवशीं खरें होतें कीं नाहीं तें कळेल.

असें संकट कधीं येणारच नाहीं असें समजा. तरी त्या यादीमुळें वरच्या मजल्यावरील आजींची एकदां विचारपूस झाली, यांत कांहीं तोटा झाला असें कोणी म्हणेल असें मला वाटत नाहीं. आणि तें आलेंच, तर गेलेले दिवे आज ना उद्यां येतील. गेलेलें माणूस येत नाहीं.