जी माणसे आलीच नाहीत



उतारवयात नाडी अडखळू लागली, तरी अनेकांना ते जाणवतही नाही. परंतु हृदयाची अलिंदे नीट आकुंचन न पावता नुसती थरथरू लागली, की तेथे साकळलेल्या रक्ताची गुठळी होते. ती मेंदूत पोहोचली म्हणजे अर्धांगवायू! या विकाराने अर्धांगवायूचा धोका सुमारे पाचपट वाढतो. रक्त गोठू न देणाऱ्या औषधांनी तो बराचसा टळतो. मग लक्षणे नसलेल्या हजारो वृद्धांना तपासणे समाजाला परवडेल काय?

स्वीडनमध्ये २०१२ साली या प्रश्नाला हात घातला गेला. स्टॉकहोम व हालांड येथील ७५-७६ वर्षांच्या नागरिकांचे यदृच्छेने दोन गट पाडून एका गटाला तपासणीस बोलावले. विकार ठाऊक नसलेल्यांनी हातात धरावयाच्या ई.सी.जी. यंत्रावर दोन आठवडे, दिवसातून दोनदा नोंद करावयाची होती. २०२१ साली निष्कर्ष आले. सुमारे सात वर्षांत मृत्यू, अर्धांगवायू, मोठा रक्तस्राव अशा आपत्ती बोलावलेल्या गटात ३१.९ टक्के, तर दुसऱ्या गटात ३३ टक्के जणांवर आल्या. लाभ लहान, तरीही २०२२ च्या हिशेबात ही तपासणी खर्च वाचविणारी ठरली. कारण अर्धांगवायूनंतरची शुश्रूषा फार महाग असते.

पण या हिशेबात एक गोष्ट डोळ्यांत भरते. बोलावलेल्यांपैकी जेमतेम निम्मे आले, आणि न आलेल्यांत कमी उत्पन्नाचे लोक अधिक होते. म्हणजे सार्वजनिक पैशाचा लाभ आधीच सुस्थितीत असलेल्यांकडे झुकला. अधिक महागडे यंत्र हाही त्यावरचा तोडगा नव्हे. डेन्मार्कमध्ये त्वचेखाली नोंदयंत्र बसवून कितीतरी अधिक रुग्ण सापडले. अर्धांगवायू मात्र लक्षणीय प्रमाणात घटला नाही.

तोडगा साधा निघाला. स्टॉकहोममधील पुढच्या प्रयोगात, जेथून लोक येत नव्हते त्या वस्त्यांतच तपासणी केंद्रे उघडली, सहभाग वाढला. तेव्हा प्रत्येक तपासणीमागे किती पैसे वाचले, एवढेच विचारून भागणार नाही. ते कोणाच्या वाट्याला आले, हेही आरोग्याच्या अंदाजपत्रकाला विचारले पाहिजे. गरिबाच्या दारापर्यंत केंद्र नेण्याचा खर्च हा त्या योजनेचाच खर्च होय. तो वगळून काढलेली काटकसर खरी नव्हे.